बसलेल्यांचं लग्न नाही हे

“बसलेल्यांचं लग्न नाही हे!” असं म्हणून ती उजवा पाय दोनदा स्टेजवर आपटायची, हनुवटी वर करायची आणि अकॉर्डियनचा भाता ओढायची. झालं! बहरीनच्या मनामा शहरातला हॉल कुठलाही असो, ज्यांचे गुडघे गेले होते, ज्यांचं बायकोशी पटत नव्हतं, ज्यांचं जेवण अर्धं व्हायचं होतं, ते सगळे उठायचे. खुर्च्यांवर उरायच्या फक्त पर्स. आणि पर्स सांभाळायला मी.

तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. बदनामीची भीती आहे म्हणून नव्हे. लोकांनी तिची इतकी बदनामी केली होती की माझ्या वाट्याला काही उरलंच नव्हतं. पण माझ्या हातानं तिचं नाव लिहायचं म्हणजे पुन्हा तिलाच माईक देण्यासारखं आहे. तेवढं मोठं मन माझं नाही. तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेलच, तिचं नाव घालून वाचा.

ती येण्याआधी बहरीनमधल्या आमच्या लोकांत गाणारी म्हणजे मी. मी वसईची, इथल्या हॉस्पिटलात नर्स. बहरीनमध्ये सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे चर्चमधला आमचा रविवारचा मिस्सासुद्धा शुक्रवारी व्हायचा, आणि त्या मिस्सात वरच्या पट्टीतला आवाज माझा असायचा. गुरुवारी संध्याकाळी आमच्या वसईकरांच्या मंडळाचा डान्स असला की गोव्याच्या चौघांचा बँड यायचा आणि मधे दोन-तीन संथ इंग्रजी गाणी मी म्हणायचे. निळा लांब गाऊन मी स्वतः शिवला होता. मी गायला लागले की लोक नाच थांबवून खुर्च्यांवर बसायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. तो मला तेव्हा मान वाटायचा.

चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराला ती आली. एका बांधकाम कंपनीत टायपिस्ट म्हणून. शेजारच्या गावची म्हणून माझा नवरा डॉमनिक तिला आणायला विमानतळावर गेला, आणि मीही गेले, कारण आपलं माणूस येतंय. एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात ही मोठी काळी पेटी घेऊन बाई बाहेर आली.

“यात काय आहे? शिलाईमशीन?” डॉमनिकनं विचारलं.

“माझं माहेर आहे,” ती म्हणाली.

आई तिची लहानपणीच गेलेली. बाप गावच्या लग्नांत अकॉर्डियन वाजवायचा, तो गेल्यावर ही पेटी हिच्याकडे आली. घरात तेवढंच. दिसायला बाई काही नव्हती हो. काळीसावळी, काटकुळी, पुढच्या दातांत फट, पाय चांगले पुरुषासारखे मोठे. हे मी जळून सांगत नाही. बरं, जळूनच सांगते, पण खोटं नाही सांगत. आणि आवाज? कायम सर्दी झाल्यासारखा घोगरा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी तिला आल्याचा काढा करून दिला होता.

मनामाच्या झिंज भागात आमच्याच मजल्यावर समोरच्या फ्लॅटमध्ये माझ्या वॉर्डातल्या दोन नर्स राहायच्या, त्यांच्याकडे मीच तिची सोय लावली. राहायला ती तिथं, पण जेवायला माझ्याकडे. दार वाजवायची पद्धत नाही. सरळ स्वयंपाकघरात येणार, पातेल्यावरचं झाकण उचलणार आणि विचारणार, “लुसी, आज काय?” बोंबील तळत असले तर तव्यावरून उचलून उभ्या उभ्या खाणार.

“अगं, बसून खा की जरा!”

“बसलं की झोप येते.”

खोटं वाटेल, पण त्या बाईला मी कधी पाच मिनिटं एका जागी बसलेली पाहिली नाही. ऑफिसात टाइप कशी करायची देव जाणे.

तिला बँडकडेही मीच नेलं. बँडवाल्यांनी तिचं बोलणं ऐकलं आणि एकमेकांकडे बघून हसले. ती पण हसली. “आवाज लुसीकडे आहे,” म्हणाली, “मला नुसतं मागं उभं राहून वाजवू द्या.” मला तिचा अभिमान वाटला. माणसाला आपली पायरी कळावी, ती हिला कळते, असं मी डॉमनिकला म्हटल्याचं आठवतं. किती मूर्ख असतो आपण!

आता गाण्याचं सांगते. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या न्हाणाचं पाणी आणायला बायका वाजतगाजत विहिरीवर जातात. पूर्वी ती विहीर उंबराच्या झाडाखालची असायची, म्हणून ते उंबराचं पाणी. तेव्हा म्हणायचं गाणं माझ्या आईकडे होतं, तिच्या आईकडून आलेलं. नवरीची आई नाहीतर थोरली बहीण पहिली ओळ उचलते आणि मग बाकीच्या. एकदा मासे साफ करता करता मी ते गुणगुणत होते.

उंबराच्या मुळी बाई, झुळझुळ वाहे पाणी,
भर गं बहिणी कळशी, उद्या तू होशील राणी.

“हे काय गं?” तिनं विचारलं.

“काही नाही गं. आपलं गावठी.”

“पुरं म्हण.”

मी म्हटलं. माझ्या मिस्साच्या आवाजात, छान लांबवून. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. म्हणाली, “परत म्हण.” परत म्हटलं. मग तिनं समोरून पेटी आणली आणि हळूच वाजवून पाहिलं. मी मासे धुऊन फोडणी दिली. मला वाटलं, वाजवू दे बापडीला, घरची आठवण येत असेल. मागितलं आणि मी दिलं. त्यात काही चोरी नव्हती, हेच तर माझं दुखणं आहे.

मग ते मोहरमचं वर्ष आलं. मोहरम मागं मागं सरकत त्या वर्षी नेमका नाताळात आला. जिदहफ्सच्या शिया वस्तीत काळे झेंडे लागले, हॉटेलांनी वाद्यं गुंडाळली. इथल्या लोकांच्या दुखवट्यात आपण बँड लावायचा नाही, हे आम्हा सगळ्यांना न सांगता कळत होतं. पण मंडळाचा नव्या वर्षाचा डान्स! बायकांचे कपडे शिवून तयार. शेवटी मंडळाच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की दुपारी चारला हॉलमध्ये चहा आणि केक, वाद्यं नाहीत, माईक नाही. या अध्यक्षांना आम्ही सगळे अंकल म्हणायचो.

म्हणजे कशी दुपार ती! सुटाबुटातली माणसं केकचे तुकडे हातात घेऊन भिंतीशी बसलेली, लहान मुलं रडतायत, आणि कोणी मोठ्यानं हसलं तर अंकल ओठांवर बोट ठेवतायत. कोणीतरी मला म्हणालं, “लुसी, तू तरी एखादं म्हण.” मी उभी राहिले. पण हळू म्हणायचं होतं ना! माझा आवाज म्हणजे चर्चच्या छताला लागणारा, तो हळू केला की नुसता थरथरतो. दोन ओळींत मी खाली बसले.

तेव्हा ती पुढं आली. चपला काढल्या, भिंतीशी ठेवल्या. “सगळ्यांनी बूट काढा,” म्हणाली. कुजबुजत. का कोण जाणे, लोकांनी काढले. टेबलावरचा पाण्याचा जग तिनं एका बाईच्या कमरेवर दिला, आणि माझ्या आईचं गाणं म्हणायला लागली. म्हणायला कसलं, कानात सांगायला लागली. तो घोगरा, सर्दट आवाज कुजबुजायलाच जन्माला आला होता. एक बाई चालली, तिच्यामागं दुसरी, मग पुरुष. सगळा हॉल मोज्यांवर गोल गोल फिरतोय, टाळी नाही, वाद्य नाही, फक्त कार्पेटवर पावलांचा आवाज आणि सगळ्यांच्या ओठांवर कुजबुजत, “भर गं बहिणी कळशी.” बाहेर रस्त्यावर कोणाला काही ऐकू गेलं नसेल. आत काहीजणी रडत होत्या.

गाणं संपल्यावर सगळ्यांनी तिला गराडा घातला. “कुणाचं गं गाणं?” तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. “लुसीच्या आईचं.” सगळे माझ्याकडे वळून म्हणाले, “अगं, मग तू का नाही म्हटलंस?” तुम्हीच सांगा, तिनं नाव घेतलं नसतं तर मला निदान भांडता तरी आलं असतं. मेलीनं तेवढीही सोय ठेवली नाही.

तिथून तिची चढती कमान. आणि तिथूनच तिच्याविषयी बोलणंही सुरू झालं. मोहरमात नाच केला, म्हणाले अर्धे. सभ्य वाल्ट्झच्या जागी विहिरीवरचा धिंगाणा आणला, म्हणाले बाकीचे. गोव्याच्या आणि मंगळुरूच्या लोकांपुढं आपली शोभा झाली, असंही म्हणाले. आणि हे सगळं म्हणणारे पुढच्या लग्नाला तिलाच बोलवायचे. वर्षा-दोन वर्षांत एका हॉटेलनं तिला बँडसकट ठेवलं. बँड तोच, माझा. टायपिंग सुटलं. इंग्रजी चालीत मराठी, मराठी ओळीत हिंदी, मधेच “यल्ला! खलास!” आणि हॉल डोक्यावर.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातसुद्धा ती हॉटेलात वाजवायची. आम्ही मांस सोडलेलं, लग्नं बंद, आणि ही तिथं अकॉर्डियन ओढतेय. मी तोंडावर विचारलं तर म्हणाली, “लुसी, एकदा त्यांच्यासाठी तोंड बंद ठेवते, रमजानात ठेवते, मोहरमात ठेवते. परत आपल्यासाठी पण ठेवू? मग माझं तोंड उघडायचं कधी?”

आमच्या डॉमनिकचं ऐका. हा माणूस नाचत नाही. आमच्या लग्नात त्यानं एकच फेरी मारली, तीही माझ्या गाऊनवर पाय देऊन. त्यानंतर प्रत्येक डान्सला एकच उत्तर, “गुडघा दुखतो.” बोट-दुरुस्तीच्या कामावर दिवसभर ओणवा उभा असायचा, म्हणून मीही कधी आग्रह केला नाही. आणि एका लग्नात तिनं पाय आपटला न आपटला तोच माझ्या शेजारची खुर्ची सरकली. बघते तर गृहस्थ रिंगणात! दोन्ही हात वर, डोळे मिटलेले, घामानं शर्ट चिकटलेला. घरी आल्यावर मी विचारलं, “गुडघा कसा आहे?” तर म्हणतो, “आज विसरलोच गं.” त्याला माझा राग कळलाच नाही. तिच्याकडे त्यानं पाहिलंही नव्हतं हो, तसलं काही नव्हतं. तसलं असतं तर मी निस्तरलं असतं.

आणि कॅसेट! त्या काळी फोन महाग, म्हणून आम्ही घरच्यांना कॅसेट भरून पाठवायचो. तिच्या गाण्यांचीही कुणीतरी कॅसेट केली आणि ती सुट्टीवर जाणाऱ्यांच्या बॅगांतून वसईला पोचली. महिन्याभरानं माझ्या आईची कॅसेट आली. आधी सगळ्यांची खुशाली, मग म्हणते, “लुसे, गाणं ऐकलं गं. सगळ्या आळीनं ऐकलं. तुझे बाबा अंगणात नाचले. कोण गं ती पोर? तू का नाही म्हटलंस? तुझा घसा बरा आहे ना?” मी कॅसेट बंद केली. उरलेली बाजू डॉमनिकनं ऐकली.

आमची घरमालकीण उम्म हसन खालच्या मजल्यावर राहायची. तिचं हिंदी आणि माझं अरबी, दोन्ही तोडकंमोडकं, पण गाऱ्हाणं सांगायला तेवढं पुरतं. माझं सगळं ऐकून तिनं मला खजूर दिला आणि झिंजजवळच्या अधारी झऱ्याविषयीची त्यांच्याकडची म्हण सांगितली. अधारी लांबच्यांना पाणी पाजते आणि जवळच्यांना तहानेलं ठेवते. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. उलट मी घरी येऊन चांगली रडले. सगळ्या मनामाला पाणी पोचलं होतं, आणि झरा माझ्या घरातला होता.

मग अंकलचं प्रकरण झालं. अंकल दर कार्यक्रमाला भाषण करायचे, विषय एकच, मातृभाषा जपा. घरी त्यांची मुलं मराठीतला प्रश्न समजून घेऊन उत्तर इंग्रजीत द्यायची. तशी सगळ्यांचीच मुलं द्यायची म्हणा. पण हिला गाता गाता जागच्या जागी ओळी जुळवायची खोड. एका डान्समध्ये, अंकल नुकते भाषण संपवून पहिल्या रांगेत टेकलेले असताना, हिनं पाय आपटला आणि,

अंकल सांगती स्टेजवरी, मराठी आपली आई,
घरी पोरं विचारती, ‘डॅडी, व्हॉट इज ताई?’

हॉल हसून कोसळला. अंकलची धाकटी मुलगी सगळ्यांत जोरात हसली, तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची असेल. अंकल मात्र पांढरेफटक पडले. पुढच्या आठवड्यात कमिटीची मीटिंग झाली आणि तिला मंडळाच्या स्टेजवर बंदी आली. कारणं सांगितली उपवासकाळातला नाच आणि अशोभनीय हावभाव. ताईचं नाव कोणी काढलं नाही. मी कमिटीत नव्हते. असते तर हात वर केला असता, आणि त्याचं मला आजही वाईट वाटलं नसतं. तसं मी तिला सांगूनही टाकलं. त्यानंतर आमचं बोलणं बंद.

बंदी स्टेजवर होती, हॉलमध्ये नव्हती. म्हणून ती मंडळाच्या कार्यक्रमांना यायची आणि दाराजवळच्या भिंतीला टेकून उभी राहायची. स्टेजवर मी. निळा गाऊन थोडा घट्ट झाला होता. लोक पुन्हा बसून ऐकायला लागले. डोळे मिटून, अगदी पूर्वीसारखं. आणि मी गाता गाता पाहायचे दाराकडे, की ही बाई आता तरी जळतेय का. तर ही आपली मान डोलावत असायची.

एव्हाना माझी धाकटी बहीण रीटा माझ्याच हॉस्पिटलात नर्स म्हणून आली होती. तिचं इथंच जमलं. मुलगा मुंबईचा, हॉटेलात रिसेप्शनवर. दोघांना एकदम लीव्ह मिळेना, म्हणून लग्न बहरीनमध्येच करायचं ठरलं. आईला येणं जमणार नव्हतं. म्हणजे आईच्या जागी मी. म्हणजे उंबराच्या पाण्याची पहिली ओळ माझी. मी मनात म्हटलं, आता बघू. हे गाणं माझ्या घरचं, लग्न माझ्या घरचं. इथं ती कोण?

रीटा स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, “बाय, पाण्याला तिला बोलवू या ना.”

“कोणाला?” मला चांगलं माहीत होतं कोणाला.

“तिच्याशिवाय मजा नाही.”

“पाणी आणायचंय, सर्कस नाही करायची. आईचं गाणं आहे. मी म्हणणार.”

“तू म्हण ना बाय, कोण नाही म्हणतंय? पण मग लोक बसतील.”

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. पोटच्या पोरीसारखी वाढवली हिला मी, आणि ही असं बोलली. मी एवढंच म्हटलं, “बसू देत.” मग दोन दिवस आम्ही बहिणी एकमेकींशी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी समोरची ती माझ्या दारात. आत आली नाही, उंबऱ्याबाहेरच उभी. पहिल्यांदाच दार वाजवलं होतं.

“लुसी, रीटा म्हणत होती. तूच म्हण. मी मागं उभी राहीन. पेटी पण आणत नाही.”

“आणू नकोस,” मी म्हटलं.

तिनं नाक वर करून हुंगलं. “आज काय?”

“काही नाही,” मी म्हटलं. बोंबलाच्या तळणाचा वास अख्ख्या जिन्यात भरला होता. ती हसली, दातांतली फट दिसली, आणि समोरच्या दारातून आत गेली. ते बोंबील मला गिळवले नाहीत, सगळे डॉमनिकनं खाल्ले.

बहरीनमध्ये उंबराची विहीर कुठली? उम्म हसन म्हणाली, अधारीवर चला. लग्नाच्या आदल्या दुपारी, गर्दी नसताना, आम्ही पंधरा-वीस बायका गाड्यांतून झऱ्यावर गेलो. खजुराच्या झाडांमधलं हिरवंगार पाणी, काठाला ओले दगड. रीटानं हिरवी साडी नेसली होती, कमरेवर पितळी कळशी. पुरुष गाड्यांपाशी थांबले. ती सगळ्यांच्या मागं, सांगितल्याप्रमाणे, रिकाम्या हातांनी.

मी सुरू केलं. देवाशप्पथ सांगते, आवाज असा लागला म्हणता! पाण्यावरून पलीकडे जाऊन परत येत होता. प्रत्येक ओळ मी घासून-पुसून म्हटली. बायका स्तब्ध उभ्या. एकीनं डोळे पुसले. एक शेजारणीला म्हणाली, “किती सुंदर, अगदी मिस्सासारखं.” आणि जागची कोणी हलेना. रीटा पण नाही. पाणी भरायचं गाणं, आणि कळशी रिकामीच तिच्या कमरेवर. दुसऱ्या कडव्याला मी रीटाच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते गाण्याचं नव्हतं. उद्या लग्न, आई जवळ नाही, आणि आजूबाजूला मयताला उभं राहावं तशा बायका उभ्या. मला ते दिसत होतं आणि काय करावं ते कळत नव्हतं. गाणं थांबवता येईना आणि हलवताही येईना.

तेवढ्यात मागं ओल्या दगडावर अनवाणी पाय आपटल्याचा आवाज आला. दोनदा. मग परत दोनदा.

बस्स, तेवढंच. शब्द नाही, सूर नाही. पण रीटाचा पाय उचलला गेला, मग तिच्या मागचीचा. रिंगण फिरायला लागलं. उम्म हसननं जीभ हलवून असा काही लांब आनंदाचा सूर काढला की गाड्यांपाशी डॉमनिक दचकला. माझा आवाज त्या ठेक्यावर खाली आला, मोकळा झाला, मधेच चिरकलासुद्धा, आणि मला त्याची लाज वाटली नाही. खरं सांगते, तसं मी आधी कधी गायले नव्हते आणि पुन्हा गायले नाही. रीटानं हसत हसत वाकून कळशी भरली.

संपल्यावर मी मागं वळले. तिला चांगलं सुनवायचं होतं, ठरल्याप्रमाणे गप्प का नाही राहिलीस म्हणून. ती नाचत नव्हती. एकटीच उभी राहून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लगेच ओळखलं. इतकी वर्षं आरशात तेच बघत आले होते.

“तुझं बरं आहे, लुसी,” ती म्हणाली. “तुला हे गाणं आईनं दिलं. मला तुझ्याकडून मागून घ्यावं लागलं.”

साधं “तसं नाही गं” म्हणायला हवं होतं, जवळ घ्यायला हवं होतं. पण मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की मी नुसती उभी राहिले. कोणीतरी माझ्यावर जळत होतं! आणि कोण, तर ती! त्या संध्याकाळी मी तिला घरी बोलावून पोटभर बोंबील वाढले. तिनं उभ्या उभ्या खाल्ले.

पुढची दोन-तीन वर्षं आम्ही बऱ्या होतो. म्हणजे ती गायची, मी जळायचे, पण आता फिटंफाट होती. मग हॉटेलांत कीबोर्ड आले. एका बटणात ढोल, एका बटणात बासरी. अकॉर्डियन कोणाला नकोसं झालं. हॉटेलनं तिचा व्हिसा रिन्यू केला नाही. आम्ही तेव्हा दीड महिन्याच्या लीव्हवर वसईला होतो. परत आलो तर समोरच्या दाराला कुलूप. उम्म हसन म्हणाली, “खलास. रूह.” गेली म्हणे, पेटी घेऊन. कोणी म्हणालं मस्कतला, कोणी म्हणालं कुठल्याशा बोटीवर वाजवते. एक जण शपथेवर सांगत होता की रिफा गावातल्या एका बंगल्यात मुलांना शिकवताना पाहिली. मी डॉमनिकला गाडी काढायला लावली. रिफात तसं कोणी नव्हतं.

त्यानंतर मी स्वयंपाकघरात पाय आपटायला शिकले. उगाच साधूपणाचा आव कशाला आणू? घरात कोणी नसलं की मी दोनदा पाय आपटायचे, हनुवटी वर करायचे, आणि घसा खरवडून म्हणायचे, “बसलेल्यांचं लग्न नाही हे!” माझ्या आवाजात ते आधी प्रार्थनेसारखं यायचं. मग हळूहळू जमायला लागलं. एकदा उम्म हसन वर आली आणि जमिनीकडे बोट दाखवून विचारलं, “मुश्किल?” मी म्हटलं, “मफी मुश्किल, काही नाही, झुरळ मारत होते.”

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा अंकलच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. तीच, ताईवर खदखदून हसलेली. अंकल स्वतः माझ्या घरी आले, टोपी हातात घेऊन. मुलगी मागं उभी. तीच बोलली, “आंटी, डू यू स्टिल सिंग दॅट वॉटर साँग? प्लीज?” अंकल खाली बघत म्हणाले, “मंडळाच्याच हॉलमध्ये आहे.” अधारीचं पाणी तोवर खूप खाली गेलं होतं. त्यांनी कळशीत नळाचं पाणी भरून हॉलमध्येच आणून ठेवलं.

स्टेजवर उभी राहिले. समोर रंगीबेरंगी कपडे, सगळे खुर्च्यांवर. मी तोंड उघडायच्या आधीच काहींनी डोळे मिटले. माझ्या जुन्या सवयीचे लोक! मी म्हटलं, आज नाही. उजवा पाय उचलला आणि असा आपटला, दोनदा, की कीबोर्डवाला पोरगा बटणावरचं बोट काढून माझ्याकडे बघायला लागला. मग ते वाक्य आलं. घोगरं, सर्दट, पूर्ण तिचं. आणि मागोमाग माझ्या आईचं गाणं, माझ्या आवाजात.

आधी डॉमनिक उठला. मग नवरी, कळशी घेऊन. मग रीटा, तिची दोन मुलं, मग सगळाच हॉल. अंकल शेवटी उठले, पण उठले. खुर्च्यांवर नुसत्या पर्स राहिल्या. इतकी वर्षं जे मागितलं होतं ते माझ्यासमोर गोल गोल फिरत होतं.

मी गाता गाता दाराकडे पाहिलं. तिच्या त्या भिंतीकडे. गाणं संपेपर्यंत मी तिकडेच बघत होते. सगळे उठले होते, सगळे नाचत होते, आणि माझ्यावर जळायला ती नव्हती.